उसाचं रसायन, म्हणून हिरवं?

गैरसमज: उसापासून बनलेलं रसायन म्हणजे निसर्गाचंच, त्यात कसलं प्रदूषण?

डिस्टिलरीच्या खालच्या अंगाला विहीर असलेल्या बीडच्या शेतकऱ्याला हे पटवायला जाऊ नका. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश उरतो. गडद तपकिरी, आम्लधर्मी, वास मारणारा. माल शेतातला आहे की तेलविहिरीतला, एवढ्यावर भागत नाही. तयार मालाच्या किलोमागे किती कचरा उरतो ते मोजावं लागतं. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये या हिशेबाला ‘ई-फॅक्टर’ म्हटलं. तेलशुद्धीकरणात किलोमागे कचरा सुमारे 100 ग्रॅम, औषधनिर्मितीत 25 ते 100 किलो. पाणी मात्र यात सहसा धरत नाहीत, हे डिस्टिलऱ्यांच्या पथ्यावरच!

गैरसमज: मागे प्रक्रिया केंद्र बसवलं की झालं.

सेंद्रिय घाण जिवाणू खातात. पारा संपत नाही, फार तर पाण्यातून गाळात जातो. तेव्हा तो मुळात वापरायचाच नाही, हा खरा उपाय. जपानच्या मिनामातात चिस्सो कंपनी ॲसिटिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरी. त्यातून तयार झालेला मिथाइल पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. आजाराची अधिकृत नोंद 1956 ची. ती प्रक्रिया थांबायला 1968 उजाडलं. तेच ॲसिटाल्डिहाइड अल्कोहोलची वाफ हवेसोबत तापलेल्या चांदीवरून नेली तरी मिळतं, पाऱ्याशिवाय. इथे ऊस खरोखर कामाला येतो. कोपरगावजवळच्या साकरवाडीत अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेटसारखी रसायनं बनतात.

गैरसमज: हिरवी पद्धत महागच पडते.

आयबुप्रोफेनची जुनी कृती सहा टप्प्यांची. कच्च्या मालातले जेमतेम 40 टक्के अणू औषधात उतरत. 1990 च्या दशकात आलेल्या तीन टप्प्यांच्या कृतीत ते 77 टक्क्यांवर गेले. कमी टप्पे, कमी कचरा, कमी खर्च. अर्थात तीत लागणारा हायड्रोजन फ्लोराइड महाघातक आहे. हिरवं म्हणजे बिनधोक नव्हे.

गैरसमज: स्पेंट वॉशवर इलाजच नाही.

आहे. तो आटवून बॉयलरमध्ये जाळला की राखेत पालाश मिळतो. 14.5 टक्के पालाशाचं हे खत खत नियंत्रण आदेशात समाविष्ट आहे आणि एरवी पालाश आपण आयातच करतो. ज्यांना हा बॉयलर परवडत नाही ते स्पेंट वॉश प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्यात, मिसळून कंपोस्ट करतात. पावसात ते जमत नाही, म्हणून त्यांना वर्षात 270 दिवसच चालवण्याची मुभा असते. जुलैत अशा डिस्टिलरीचा साठवण तलाव कितपत भरलाय, ते गावाने जाऊन पाहावं.