ड्रीमलायनरवर आधी कोण?
ज्येष्ठतेचं गणित : लेखांक ६

गेल्या रविवारी आपण पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांतल्या उपअभियंत्यांचं भांडण पाहिलं. थेट भरतीनं आलेले एका बाजूला, खालून बढती घेत आलेले दुसऱ्या बाजूला. थेट आलेला परिविक्षेचा काळ संपला की कायम होई, बढतीवाला मात्र वर्षानुवर्षं ‘स्थानापन्न’च राही; आणि ज्येष्ठता मोजायची ती कायम झाल्याच्या तारखेपासून. १९७७ साली पटवर्धन खटल्यात न्या. य. वि. चंद्रचूड यांनी ही पद्धत मोडीत काढली. १९९० मध्ये घटनापीठानं सांगितलं की, नेमणूक नियमाप्रमाणे असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासूनच धरायची. नाशिकला दिंडोरी रोडच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, हा निकाल त्याला माहीत असतो.

तिथं निदान मालक एक होता आणि खातंही एकच. आजचा प्रश्न अधिक अवघड आहे. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या याद्या, दोन्ही आपापल्या जागी बिनचूक. उद्या कंपन्या एक झाल्या तर एकच यादी कशी करायची? हा प्रश्न सगळ्यात कडवट होतो तो वैमानिकांच्या बाबतीत. ओझरच्या धावपट्टीवरून जेट गेली, अलायन्स एअर आली, आता इंडिगो उडते. आपल्याला दिसतो तो विमानाच्या शेपटीवरचा बदललेला रंग. कॉकपिटमधल्या माणसाच्या नंबराचं काय झालं, ते प्रवाशाला कधी कळत नाही.

हा नंबर वैमानिकाला इतका प्यारा का? कारण त्याचं जवळजवळ सगळं त्यावर ठरतं. उजव्या खुर्चीवरचा को-पायलट डाव्या खुर्चीवर कॅप्टन म्हणून कधी बसणार, ते ठरतं. छोट्या विमानावरून मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानावर कधी जाणार आणि म्हणून पगार किती होणार, तेही. घराजवळचं ठाणं, दिवाळीची रजा, आणि मंदी आली तर आधी घरी कोण जाणार, तेसुद्धा बऱ्याच कंपन्यांत याच क्रमानं. शिवाय हा नंबर बरोबर नेता येत नाही. दुसऱ्या कंपनीत गेलात की तास तुमचे, नंबर नवा. आपल्याकडे आंतरजिल्हा बदली घेतलेल्या जिल्हा परिषद शिक्षकाला हे वेगळं समजवायला नको. धुळ्यातली पंधरा वर्षं जमेला असतात, पण नाशिकच्या यादीत तो तळाशी लागतो. फरक इतकाच की शिक्षकानं बदली स्वतः मागितलेली असते. विलीनीकरणात मात्र वैमानिकाला कुणी विचारलेलं नसतं.

आता आपल्या राज्यातली मोठी गोष्ट. २००७ साली केंद्र सरकारनं एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. प्रफुल्ल पटेल तेव्हा विमान वाहतूक मंत्री होते आणि नव्या कंपनीचं मुख्यालय नरिमन पॉइंटलाच राहिलं. कागदावर २७ ऑगस्ट २००७ पासून कंपनी एक झाली. रंग एक झाला, पुढे नाव एक झालं, २०११ च्या फेब्रुवारीत ‘आयसी’ हा उड्डाणांचा जुना संकेतही गेला. वैमानिकांच्या याद्या मात्र दोनच राहिल्या, आणि संघटनाही दोन : जुन्या एअर इंडियाची इंडियन पायलट्स गिल्ड आणि जुन्या इंडियन एअरलाइन्सची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन.

या दोघांचं नोकरीतलं आयुष्यच वेगळं होतं. एअर इंडियाकडे मुख्यतः बोइंगची मोठी विमानं. तिथं को-पायलट लंडन-न्यूयॉर्क करायचा, पण कॅप्टन व्हायला त्याला खूप थांबावं लागे. इंडियन एअरलाइन्सकडे मुख्यतः एअरबस ए-३२० च्या कुळातली छोटी विमानं. तिथं दिवसाला दोन-चार फेऱ्या, पण चार पट्टे खांद्यावर लवकर चढायचे. समजा, १९९७ ला लागलेला मोठ्या विमानावरचा माणूस २००७ मध्ये अजून को-पायलट आहे, आणि २००० ला लागलेला छोट्या विमानावरचा माणूस कॅप्टन झालेला आहे. नव्या यादीत वर कोण? रुजू होण्याची तारीख धरली तर पहिला. हुद्दा धरला तर दुसरा. पहिला म्हणेल, मी तीन वर्षं आधी लागलो. दुसरा म्हणेल, मी आज कॅप्टन आहे, मला को-पायलटच्या खाली कसं घालता? दोघंही खरंच बोलतात. या प्रकरणात एकाला खलनायक करणाऱ्यांनी प्रश्न नीट समजून घेतलेला नाही, असं माझं मत आहे.

पहिली ठिणगी पगारावरून पडली. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना बरेच पैसे प्रत्यक्ष उडवलेल्या तासांवर मिळत, त्यांना एअर इंडियासारखी ठरावीक तासांची हमी हवी होती. २०११ च्या एप्रिलअखेर त्यांनी दहा दिवस संप केला. त्यानंतर सरकारनं सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली. वेतन, हुद्दे, ज्येष्ठता या सगळ्यांची मोट बांधण्याचं काम तिच्याकडे दिलं. विलीनीकरणाला तेव्हा चार वर्षं होत आली होती! समितीचा अहवाल आला जानेवारी २०१२ च्या शेवटी.

खरा स्फोट झाला तो बोइंग ७८७ ड्रीमलायनरवरून. एअर इंडियानं २००६ मध्ये, म्हणजे विलीनीकरणाआधी, अशी २७ विमानं मागवली होती. ती यायला उशीर झाला आणि येईपर्यंत कंपनी एक झालेली. प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं? व्यवस्थापन म्हणालं, दोन्ही बाजूंचे निम्मे निम्मे. गिल्डचं म्हणणं, विमानं आमच्या कंपनीनं आमच्यासाठी घेतली. या विमानांवर आमची माणसं कॅप्टन होणार होती, आता त्या जागा अर्ध्या गेल्या. असोसिएशनचं म्हणणं, कंपनी एक आहे ना? मग आमचं-तुमचं कुठून आलं? प्रकरण कोर्टात गेलं. मे २०१२ मध्ये गिल्डचे वैमानिक आजारपणाच्या रजा टाकून घरी बसले. दिल्ली उच्च न्यायालयानं हे आंदोलन बेकायदा ठरवलं, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, आणि ५८ दिवसांनी, जुलैच्या सुरुवातीला न्यायालयासमोरच संप मिटला. त्या वेळी नुकसानीचा आकडा ६०० कोटींच्या घरात सांगितला गेला. पहिलं ड्रीमलायनर दिल्लीला उतरलं ८ सप्टेंबर २०१२ ला. ज्या विमानावरून इतकं रामायण झालं, ते संपाच्या काळात देशात आलेलंसुद्धा नव्हतं.

आता पद्धतींकडे येऊ. दोन रांगा एकाच खिडकीवर आणायच्या तर ढोबळ मानानं तीन रस्ते आहेत. एक, रुजू होण्याची तारीख. समजायला सोपी आणि ऐकायला न्याय्य. पण यात जुन्या कंपनीचा माणूस सरसकट वर जातो आणि नव्या, वाढत्या कंपनीचा सरसकट खाली. दुसरा रस्ता, छोट्या कंपनीची सगळी यादी मोठीच्या शेपटीला जोडायची. ही सरळ दांडगाई.

तिसरा रस्ता प्रमाणाचा, आणि जरा वेळ द्यावा असा. मोठ्या विमानांच्या कंपनीत १०० कॅप्टन, छोट्या विमानांच्या कंपनीत २०० असं धरा. मग पहिलीचा एक, दुसरीचे दोन, पुन्हा पहिलीचा एक, असं विणत जायचं. पहिल्या यादीतला ५० वा नव्या यादीत १५० च्या आसपास येतो आणि त्याच्या शेजारी दुसरीतला १०० वा. दोघंही आपापल्या यादीच्या मध्यावर होते, नव्या ३०० च्या यादीतही मध्यावरच आहेत. आजच्या दिवशी कुणाचं काही गेलं नाही.

पण पाच वर्षांनी? पहिल्या कंपनीत त्याच्या वरच्या ४९ पैकी ३० जण निवृत्तीला आलेले आहेत आणि दुसरीत सगळे तरुण आहेत, असं समजा. विलीनीकरण झालं नसतं तर आपला ५० वा माणूस पाच वर्षांत २० वा झाला असता, १०० जणांत २० वा. नव्या यादीत तो १५० वरून १२० वर येतो, ३०० जणांत १२०. म्हणजे वरच्या वीस टक्क्यांत बसणारा माणूस चाळीस टक्क्यांवर अडकला. निवृत्त झाले त्याच्याच कंपनीचे लोक, पण त्यांनी सोडलेल्या जागांचा लाभ त्यांच्या खालच्या सगळ्यांत वाटला गेला, दुसऱ्या कंपनीच्या माणसांतही. ज्येष्ठतेच्या भांडणात लोक मागच्या वर्षांबद्दल बोलतात, पण जीव अडकलेला असतो पुढच्या वर्षांत.

आणि इथंच आपला कायदा हात वर करतो. पूर्वी मराठवाड्यातले, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यातून महाराष्ट्रात आलेले तहसीलदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९७३ मध्ये घटनापीठानं उपजिल्हाधिकाऱ्याच्या बढतीची विभागवार पद्धत रद्द केली, पण एक तत्त्वही पक्कं केलं : बढतीची निव्वळ शक्यता ही सेवाशर्त नसते. तेव्हा ‘मी २० वा झालो असतो’ हे गाऱ्हाणं कितीही खरं असलं तरी त्यावर हक्क सांगता येत नाही. कंपन्यांच्या विलीनीकरणात कायद्याचा भर असतो तो सेवा खंडित होऊ नये आणि पगार, अटी कमी होऊ नयेत यावर. यादीत नंबर कुठं लागेल यावर त्याचं मौन. राज्य पुनर्रचनेच्या वेळी निदान चार निकष तरी ठरले होते : कामाचं स्वरूप, जबाबदारी व अधिकार, किमान पात्रता आणि पगार. वैमानिकांसाठी तेवढंही नाही.

अमेरिकेत कायदा झाला, तोही ठेच लागल्यावर. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए घेतली आणि टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांना यादीच्या तळाला जोडलं. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, कपात सुरू झाली आणि तळाचेच आधी घरी गेले. या प्रकरणानंतर २००७ च्या डिसेंबरात तिथं मॅकास्किल-बाँड कायदा आला : याद्या न्याय्य रीतीनं एकत्र करायच्या, जमलं नाही तर लवादाकडे जायचं. लवादानं सगळं सुटतं असंही नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. लवाद जॉर्ज निकोलाव यांनी २००७ मध्ये निवाडा दिला. मोठी विमानं चालवणारे यूएस एअरवेजचे सर्वांत ज्येष्ठ पाचशेहून अधिक वैमानिक वर, तिचेच कपातीत घरी बसलेले तळाशी, मधले प्रमाणानं विणलेले. त्यामुळे सतरा-सतरा वर्षं नोकरी झालेला, पण त्या वेळी घरी बसलेला माणूस समोरच्या कंपनीच्या नवख्याच्या खाली गेला. संख्येनं जास्त असलेल्या यूएस एअरवेजच्या गटानं मग जुनी संघटनाच मतदानानं उलथवली, नवी काढली आणि निवाडा लागू होऊ दिला नाही. पुढे ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. सगळ्यांची मिळून एक यादी ठरली २०१६ मध्ये. अकरा वर्षं!

माझा कल चौथ्या उपायाकडे आहे. त्याला कुंपण म्हणतात. यादी एकच करायची, पण ठरावीक वर्षं जुन्या कंपनीनं मागवलेल्या विमानांवर जुन्या कंपनीच्या माणसांचा पहिला हक्क ठेवायचा आणि कुंपण कोणत्या तारखेला पडणार हे आधीच लिहून द्यायचं. ड्रीमलायनरच्या बाबतीत, समजा, पहिली काही विमानं गिल्डकडे आणि पुढची सामाईक, असं २००७ मध्येच कागदावर आलं असतं, तर दोन्ही बाजू कुरकुरल्या असत्या, पण संप ५८ दिवस चालला नसता. मंत्रालयानं क्रमच उलटा लावला. नाव, रंग, संकेत आधी, माणसं शेवटी. त्याच २००७ मध्ये जेटनं एअर सहारा विकत घेतली, पण तिला जेटलाइट म्हणून वेगळी कंपनीच ठेवली. यादीचा प्रश्न टाळण्याची ती पळवाट होती, पण डोळे उघडे ठेवून काढलेली.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परतली आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा तिच्यात विलीन झाली. पुन्हा तेच प्रश्न. विस्ताराच्या वैमानिकांचा हमीचा पगार ७० तासांवरून ४० तासांवर येणार म्हटल्यावर एप्रिल २०२४ मध्ये अनेकांनी आजारपणाच्या रजा टाकल्या, उड्डाणं रद्द झाली. निवृत्तीचं वयही तेव्हा वेगळं होतं : विस्तारात ६०, एअर इंडियात ५८, पण पुढे करारावर ६५ पर्यंत. एक कॅप्टन ६५ पर्यंत डाव्या खुर्चीवर बसला की मागच्या को-पायलटचे पट्टे तेवढे लांबतात. आणि गिल्ड व असोसिएशन? एप्रिल २०२३ मध्ये टाटांनी नवे करार पुढे केले, तेव्हा २०१२ मध्ये एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोन्ही संघटनांनी मिळून ते नाकारले. 

पुढच्या रविवारी बँका. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक ऑफ बडोद्यात गेल्या, वर्षभरानं आणखी दहा बँकांच्या चार झाल्या. नाशिकमधल्या ज्या वाचकांचा नंबर त्यात वर-खाली झाला, त्यांनी जुन्या आणि नव्या यादीतला आपला क्रम कळवावा. नाव छापणार नाही.