मैदानातली मैफल आणि मध्यरात्रीनंतरचे राग

करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे खंडित झालेला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या मुकुंदनगर भागातील महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर पुन्हा भरला आणि मांडव, भारतीय बैठक व दूरदूरच्या गावांहून येणारे श्रोते या तिन्ही गोष्टी परतल्या, तेव्हा महोत्सवाचे पुनरुज्जीवन झाले असे म्हटले गेले. ते खोटे नव्हते. मात्र या महोत्सवाच्या जुन्या रूपातील एक मोठा भाग साथीच्या बराच आधी नाहीसा झाला होता आणि तो २०२२ मध्येही परत आला नाही. तो भाग म्हणजे रात्र. खुल्या जागेत होणारे संगीतोत्सव पुन्हा उभे राहतात तेव्हा जागा, निधी आणि कलावंत यांचा विचार होतो, पण गाण्याच्या वेळेचा होत नाही. वास्तविक हिंदुस्थानी संगीतापुरते बोलायचे तर वेळ हा गाण्याच्या आशयाचाच एक घटक आहे.

किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचे निधन सप्टेंबर १९५२ मध्ये झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. अब्दुल करीम खाँ यांच्याकडून मिळालेली स्वरप्रधान गायकी सवाई गंधर्वांनी गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन यांच्यापर्यंत पोहोचवली होती, त्यामुळे आरंभी एका गुरुकुटुंबाच्या पुण्यतिथीसारखे असलेले हे आयोजन आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या छत्राखाली हळूहळू सर्व घराण्यांचे व्यासपीठ झाले. त्याचा मोठा काळ रमणबाग शाळेच्या मैदानावर गेला. थंडीच्या दिवसांत शाली-स्वेटर घालून, पांघरुणे घेऊन आलेले श्रोते रात्रभर बसत, मधल्या काळात चहाच्या टपऱ्यांवर झालेल्या गाण्याची चिरफाड करीत, आणि अखेरच्या सत्रात पहाटे भीमसेन गाऊन गेल्यावर सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीचे ध्वनिमुद्रण ऐकून घरी जात. हा महोत्सव याआधीही साथीच्या तडाख्यात सापडला होता: २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे डिसेंबरचे आयोजन पुढे ढकलून जानेवारी २०१० मध्ये करावे लागले. जानेवारी २०११ मध्ये भीमसेन गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचे नाव जोडले गेले, समारोपाचा मान अनेक वर्षे प्रभा अत्रे यांच्याकडे राहिला आणि २०१८ पासून जागाही बदलली. माणसे आणि मैदान बदलूनही महोत्सव टिकला, ही गोष्ट साधी नाही.

रात्र गेल्याने नेमके काय गेले, हे समजण्यासाठी रागसमयाची कल्पना पाहावी लागते. दिवस-रात्रीचे प्रत्येकी तीन तासांचे आठ प्रहर मानले जातात आणि प्रत्येक रागाला त्यांपैकी एखादा प्रहर नेमून दिलेला असतो. विष्णु नारायण भातखंडे यांनी मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या ग्रंथातून ही व्यवस्था सूत्रबद्ध केली. त्यांच्या विवेचनानुसार ज्या रागाचा वादी स्वर, म्हणजे रागातील प्रमुख स्वर, सप्तकाच्या पूर्वार्धात पडतो तो पूर्वराग असून तो साधारणपणे दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत गायला जातो. वादी स्वर उत्तरार्धात असेल तर तो उत्तरराग, आणि त्याचा काळ मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंतचा. दिवस व रात्र जिथे मिळतात त्या वेळेचे संधिप्रकाश राग वेगळे. या नियमाला अपवाद पुष्कळ आहेत आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. स्वर आणि घड्याळ यांचे नाते निसर्गसिद्ध आहे की केवळ सवयीचे, हा वाद मिटलेला नाही. तरीही कलावंत मैफलीत ते पाळतात आणि श्रोत्याचा कानही त्यावरच घडलेला असतो, एवढे व्यवहारात पुरेसे आहे.

आता दुपारी तीन-चारला सुरू होऊन रात्री दहाला संपणारा महोत्सव या कोष्टकावर ठेवून पाहिला, तर त्याच्या वाट्याला जवळजवळ केवळ पूर्वराग येतात हे लक्षात येते. भीमपलास, मुलतानी, पटदीप, मारवा, पूरिया धनाश्री, यमन, बिहाग यांची रेलचेल होते. एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी असेल तर बागेश्रीला जागा मिळते. मालकंस आणि दरबारी कानडा यांना मध्यरात्रीच्या पलीकडची शांतता हवी असते. त्यांना एक तर घाईने आधी आणावे लागते किंवा सोडून द्यावे लागते, आणि सोहनी, ललित, भटियार, रामकली, तोडी या उत्तररात्रीच्या व सकाळच्या रागांची तर पाळीच येत नाही. मैदानी महोत्सवांतूनच शास्त्रीय संगीत ऐकायला शिकलेल्या तरुण श्रोत्याला अर्ध्या रागसंगीताचा प्रत्यक्ष अनुभव मिळत नाही. तो ध्वनिमुद्रणांतून मिळवावा लागतो. गेल्या काही दशकांत रुळलेल्या दिवाळी पहाटेने सकाळ थोडी परत दिली आहे, पण तिथे भावगीते आणि नाट्यपदे यांचाच भर असतो.

हा बदल कोणाच्या अरसिकपणामुळे झाला नाही. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या काळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई केली, निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात या बंधनांवर शिक्कामोर्तब केले. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेला ही मनाई त्याच प्रकारे लागू नाही, म्हणून रात्रभराची बैठक आज जिवंत असलीच तर ती भिंतींच्या आत असते.

रत्नागिरीसारख्या शहरात हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले, १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी राजवाडा पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये त्याचे तिथेच निधन झाले. समुद्र आणि भाट्याची खाडी दिसणाऱ्या त्या उंचावरच्या वास्तूच्या प्रांगणात आर्ट सर्कल ही स्थानिक संस्था हिवाळ्यात संगीत महोत्सव भरवत आली आहे. कोकणात मैदानी गाण्याचा हंगाम आधीच तोकडा असतो: पावसाळा संपून हवेतला ओलावा कमी होईपर्यंत तबल्याची पुडी आणि तंबोऱ्याच्या तारा सुरात ठेवणे हेच एक काम होऊन बसते, आणि मार्चपासून उकाडा सुरू होतो. हाती उरतात ते थंडीचे महिने, आणि त्यांतही रात्री दव पडते.

त्याच शहरात भगवती किल्ल्याच्या पायथ्याशी मिरकरवाडा हे मासेमारीचे मोठे बंदर आहे, आणि तिथले घड्याळ मैफलीच्या घड्याळाशी जुळत नाही. नौका पहाटेच्या अंधारात सुटतात, काही रात्रीच्या मासेमारीवरून परततात, बर्फ आणि डिझेल भरण्याचे काम अवेळी चालते. अशा वस्तीत खलाशाची झोप ही ज्याच्या त्याच्या सोयीने मिळणारी गोष्ट नसते. थंड, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे वर जाणाऱ्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा खाली येतात आणि दिवसा ऐकू न येणारा आवाज दूरपर्यंत पोहोचतो. मैफलीला मोहक वाटणारी रात्रीची ही स्वच्छ ध्वनिवाहकता शेजाऱ्याच्या दृष्टीने उपद्रव ठरते, आणि नियमाचे समर्थन करण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. मालकंसाच्या चाहत्याने हे मान्य करायला हवे, जरी ते त्याच्या जिवावर येत असले तरी.

रत्नागिरीच्या गावांना रात्रभराचे गाणे नवे नाही. गण, गौळण, संकासूर आणि वग अशा क्रमाने मृदंग-झांजेच्या साथीवर चालणारे नमन-खेळे पूर्वी अंगणात रात्र जागवत. दक्षिणेकडे जत्रेतला दशावतारही पहाटेपर्यंत चाले. या कला मुंबईच्या नाट्यगृहांत आल्या तेव्हा तीन तासांत बसवल्या गेल्या. तिथे वग छाटता आला, कारण कथा आवरती घेता येते. रागाला असा उपाय नाही: दरबारी आटोपशीर गाता येतो, पण सायंकाळी सातला तो दरबारीसारखा वाटत नाही.

म्हणून महोत्सव नव्याने उभा करू पाहणाऱ्या संस्थेपुढे ध्वनियंत्रणा आणि प्रायोजक यांच्याइतकाच महत्त्वाचा कागद असतो तो जिल्हाधिकारी कार्यालयातून दरवर्षी जाहीर होणाऱ्या त्या १५ दिवसांच्या यादीचा. तिच्यातील बहुतेक दिवस गणेशोत्सव, नवरात्र, ईद, नाताळ आणि ३१ डिसेंबर यांत खर्ची पडतात, आणि त्यांच्या तुलनेत जानेवारीत शास्त्रीय संगीताच्या मागणीमागे फारशी गर्दी नसते. एक दिवस मिळाला तर संयोजक त्या दिवसाचा शेवटचा कलावंत साडेदहाला बसवू शकतात. बागेश्री पूर्ण होईल, आणि मालकंसाचा विलंबित ख्याल रंगात येत असताना बारा वाजलेले असतील.