डोंगराने समुद्रात लोटलेलं जहाज

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेन गावी वाळू नाही, काळे गुळगुळीत गोटे आहेत. पाठीवर सिलिंडर घेऊन त्यावरून चालणं हीच इथली सगळ्यात अवघड गोष्ट. इथल्या बायका मात्र ते सिलिंडर डोक्यावर ठेवून सहज नेतात. कमरेइतक्या पाण्यात जायचं, पायात फिन्स चढवायच्या, तोंड पाण्याखाली घालायचं. होडी लागतच नाही. किनाऱ्यापासून जेमतेम तीस मीटरवर, निळ्या धूसरातून एक प्रचंड आकार हळूहळू उभा राहतो. सुमारे १२० मीटर लांबीचं ‘लिबर्टी’!

युद्धात बुडवलेली जहाजं सहसा माणसाच्या आवाक्याबाहेर, खोल तळाशी जातात. हे इतकं जवळ कसं आलं?

१९१८ साली बांधलेलं हे अमेरिकी मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने त्याला भोक पाडलं. एक अमेरिकी आणि एक डच युद्धनौका त्याला सिंगाराजा बंदराकडे ओढत निघाल्या, पण आत पाणी इतकं भरलं, की वाटेतच, तुलांबेनच्या किनाऱ्यावर ते चढवावं लागलं. तिथे ते एकवीस वर्षं उन्हात पडून होतं.

मग १९६३ उजाडलं. बेसाकीच्या मंदिरात ‘एका दस रुद्र’ हा महाविधी व्हायचा होता. आपल्याला ओळखीचे अकरा रुद्र तेच. त्याच सुमारास मंदिराच्या माथ्यावरचा आगुंग पर्वत जागा झाला. त्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसं गेली. ते दुःख बाजूला ठेवून या जहाजाची गोष्ट सांगता येत नाही. त्याच हादऱ्यांनी किनाऱ्यावरचं ‘लिबर्टी’ सरकलं, उतारावरून घसरलं आणि पाण्यात कुशीवर झोपलं.

प्रवाळाचं पिल्लू सुईच्या टोकाएवढं असतं. पाण्यात तरंगत ते घट्ट जागा शोधतं, कारण एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच राहायचं. इथल्या पाण्याखालच्या सरकत्या काळ्या वाळूवर त्याला बूड टेकता येत नाही. अशा जागी अचानक १२० मीटर पोलाद येऊन पडलं. पाणी उबदार, ऊन तळापर्यंत पोचणारं. आज त्या पत्र्यावर मऊ प्रवाळ, समुद्रपंखे आणि स्पंज एवढे दाटले आहेत, की खालचं लोखंड शोधावं लागतं. रात्री जहाजाच्या आडोशाला बंपहेड पॅरटफिशचे थवे झोपतात. मीटरभर लांबीचे हे मासे पहाटे बाहेर पडतात आणि प्रवाळ कराकरा चावत फिरतात. तो आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपट वेगाने धावतो, त्यामुळे दोन्ही कानांना तो जवळपास एकाच क्षणी भेटतो.

नवशिक्यांना हे जहाज आवडतं ते त्याच्या खोलीमुळे. त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर, खालचा तीसच्या आसपास. स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, म्हणजे बरंचसं जहाज तेवढ्यातच पाहून होतं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर फुग्यातली हवा निम्म्या जागेत मावते. म्हणून उतरताना नाक दाबून कान मोकळे करत राहायचं आणि वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही. फुप्फुसातली हवा फुगत असते. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, तुम्ही आत्ता घेताय तीच हवा दाबून भरलेली असते. मालवणला समुद्रात पहिली डुबकी मारलेल्यांना यातलं बरंच आठवेल.

बरोबर टॉर्च मात्र घ्या. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळतं, त्यामुळे राखाडी वाटणाऱ्या एखाद्या फांदीवर प्रकाश टाकला की ती शेंदरी होऊन उठते. आणि हात कशालाही लावू नका. तुमच्या बोटाखाली येईल ते प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटरच वाढलेलं असतं.