विंचवाचा डंख आणि भडकलेला रक्तदाब

बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी, भोकरदन तालुक्यातलं देहेड हे डॉ. हिंमतराव बावस्करांचं गाव. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं दगावत.

का? विष मज्जातंतूंना चेतवतं आणि अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरकं रक्तात बेसुमार उतरतात. रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं.

उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही धोक्याची पूर्वचिन्हं बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापली! संशोधनाला मोठी प्रयोगशाळाच लागते असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. ही रक्तदाबाची स्वस्त गोळी. संप्रेरकांमुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत उतरलं.

२०११ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह केलेली चाचणी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली: प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली, तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.