खाजणात घरे बांधली तर पाणी कुठे जाईल?

पणजीलगतच्या एका गावात काही वर्षांपूर्वी ग्रामसभा भरली होती. विषय एकच होता. गावाखालच्या खाजणात माती टाकून गृहसंकुल उभे करायचा प्रस्ताव आला होता. गावात दोन तट पडले होते, आणि शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी 'कोणीतरी शास्त्रज्ञ येऊन दोन शब्द सांगू दे' म्हणून आम्हाला बोलावून घेतले होते. आम्ही नेहमीचे तेच सांगितले. काँक्रीट झाले की पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही, ते वाहून जाते आणि पूर येतो. टाळ्या पडल्या.

मग बांधकाम कंपनीच्या बाजूने आलेला एक तरुण अभियंता उठला. तो शांतपणे म्हणाला, "सर, मे महिन्यात तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण जुलैच्या मध्यावर या शेतात किती पाणी मुरते, ते सांगाल का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे उत्तर होते 'जवळजवळ काहीच नाही'. जुलैत खाजणातली चिकणमाती काठोकाठ भिजलेली असते आणि शेतात पाणी उभे असते. अशा जमिनीवर पडलेला पाऊस आणि काँक्रीटवर पडलेला पाऊस यांत फारसा फरक उरत नाही. पाठ्यपुस्तकातले विधान आम्ही चुकीच्या जागी वापरले होते. डोंगरउतारावरच्या जांभ्या दगडाच्या जमिनीला, आमराईला, माळाला ते लागू पडते. खाजणाला लागू पडत नाही. त्या दिवशी आम्ही खाली बसलो ते बरेच खजील होऊन, आणि घरी येऊन पहिल्यापासून विचार सुरू केला.

आधी खाजण म्हणजे काय ते पाहू. पणजी मांडवी नदीच्या मुखाजवळ, दक्षिण काठावर वसली आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४०,०१७ होती. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच! मांडवी आणि झुवारी या नद्यांत समुद्राची भरती बरीच आतपर्यंत चढते. भरतीचे खारे पाणी ज्या सखल जमिनीवर रोज पसरले असते, ती जमीन गोव्यातल्या लोकांनी फार पूर्वी, पोर्तुगीज येण्याच्याही आधीपासून, बांध घालून अडवली. अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन गोव्यात आहे. पावसाळ्यात तिच्यात खारे पाणी सोसणारे भात घेतात, उन्हाळ्यात कोळंबी-मासळी धरतात, काही ठिकाणी मीठ पिकवतात. पणजीहून रायबंदरला जाताना उजव्या हाताला मिठागरे आणि खारफुटी दिसते, तो याच कुळातला भाग.

या व्यवस्थेचे हृदय म्हणजे मानस. रायगडच्या खारजमिनीत जिला उघाडी म्हणतात, तीच ही. बांधात लाकडी झडपांचे एक दार असते. बाहेर भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतल्या पाण्याच्या रेट्याने त्या उघडतात आणि शेतातले पाणी नदीत निघून जाते. मुलांना हृदयातल्या झडपा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. हृदयाच्या झडपा मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा उघडतात, मानशीच्या झडपा दर १२ तास २५ मिनिटांनी एकदा.

आता खरा मुद्दा येतो. मानस मिटलेली असते त्या सुमारे सहा तासांत पाऊस पडला तर ते पाणी कुठे जाते? नदीत जाऊ शकत नाही, कारण दार बंद आहे. जमिनीत मुरत नाही, कारण जमीन आधीच तुडुंब आहे. ते खाजणात थांबते. डोंगराचे, वाड्यांचे, रस्त्यांचे सगळे पाणी उतरून इथे येते आणि ओहोटीची वाट पाहत बसते. खाजणाचे काम स्पंजाचे नाही, परातीचे आहे. तेव्हा घरावरचा गिलावा किंवा अंगणातली फरशी हा भांडणाचा विषय नव्हेच. भांडणाचा विषय आहे परातीत टाकलेली माती.

हे वर्गात दाखवायला दहा मिनिटे पुरतात. एक मोठी परात घ्या. तळाशी पातळसा स्पंज पूर्ण भिजवून पसरा. दोन पेले पाणी ओता आणि पाण्याची उंची पट्टीने मोजा. भिजलेला स्पंज आणखी पाणी पीत नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. मग ते दोन पेले काढून घ्या, परातीत दोन-तीन विटा ठेवा, आणि तेवढेच पाणी पुन्हा ओता. विटा आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायला विसरू नका. आम्ही पहिल्यांदा कोरड्या विटा ठेवल्या, त्यांनीच अर्धे पाणी पिऊन टाकले आणि प्रयोग उलटा सिद्ध झाला!

आता थोडे गणित. आकडे आम्ही हिशेबाला सोपे असे धरले आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. समजा खाजण २० हेक्टरचे आहे आणि त्यात ६० हेक्टर उताराचे पाणी येते. म्हणजे पावसाचे क्षेत्र एकूण ८० हेक्टर. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर, म्हणजेच १० लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. मानस मिटलेली असताना १०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग खाली आला, तर ६०,००० घनमीटर पाणी खाजणात उतरेल. २० हेक्टरवर पसरल्यास त्याची उंची ३० सेंटिमीटर होते. उभ्या पाण्याच्या वर बांधाच्या माथ्यापर्यंत ६० सेंटिमीटर जागा आहे असे धरले, तर काळजीचे कारण नाही.

आता त्यातल्या ८ हेक्टरवर भराव घाला. पाणी तेवढेच, जागा १२ हेक्टर. उंची होते ५० सेंटिमीटर. अजूनही बांध सुरक्षित आहे, आणि तो अभियंता बरोबर हेच दाखवू शकतो. पण पाऊस २०० मिलिमीटर पडला तर? आधी ६० सेंटिमीटर झाली असती, म्हणजे पाणी जेमतेम माथ्याला टेकले असते. भरावानंतर ती १ मीटर होते. नव्या इमारती दीड मीटर उंच भरावावर सुखरूप असतात. पाणी शिरते ते खाजणाच्या काठावरच्या जुन्या घरांत, ज्यांच्या मालकांनी एक टोपलीही माती टाकलेली नसते.

(८ हेक्टरवर दीड मीटर भराव म्हणजे १,२०,००० घनमीटर माती. एका ट्रकमध्ये १० घनमीटर मावते असे धरले तर १२,००० फेऱ्या. आणि ही माती कुठला तरी डोंगर कापूनच येते. तो हिशेब वेगळा.)

यात समुद्राचाही एक हात आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटर वेगाने वाढली. याच वेगाने तीस वर्षांत ती १० सेंटिमीटर वाढेल. दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटे, त्याने काय होणार, असे वाटते. पण भरती-ओहोटीतला फरक २ मीटर आणि आतले पाणी सरासरी समुद्रपातळीइतके धरून आलेख काढला, तर मानस उघडी राहण्याचा वेळ दर ओहोटीला सुमारे २४ मिनिटांनी कमी होतो. परात लहान करायची आणि तिचे तोंडही आवळायचे, असे दोन्ही एकाच वेळी घडते आहे.

अर्थात, भराव घालणारे आपण पहिले नव्हे. पणजी शहराचा बराच भाग दलदल बुजवूनच उभा आहे. एकोणिसाव्या शतकात दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु या व्हाइसरॉयच्या काळात वाळूच्या टेकड्या सपाट करून दलदली भरल्या गेल्या, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी, १६३३ च्या सुमारास, पणजी आणि रायबंदर जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी मार्ग दलदलीतूनच बांधला गेला. पण तो कमानींवर उचललेला आहे, खालून पाणी ये-जा करते. आज मळा भागात जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाणी रस्त्यावर येते. ते का, हे वरच्या हिशेबावरून समजेल. ग्रामसभेत विरोध करणाऱ्यांपैकी काही जण स्वतः अशाच भरावावरच्या घरात राहतात, हेही खरे आहे. अभियंत्याने तेही बोलून दाखवले, आणि ते कुणाला आवडले नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण तो आमचा प्रांत नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजणांचा खास उल्लेख करून त्यांचे नकाशे करायला सांगितले होते. खाडीत भरतीचा प्रभाव कुठपर्यंत धरायचा, याची कसोटी मात्र सुंदर आहे. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात जिथवर पाण्याची क्षारता हजारात पाच भाग असते, तिथवर. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, साधारण एक सपाट चमचा मीठ. समुद्राच्या पाण्यात असे सात चमचे असतात. दुसरीकडे जमिनीचा वापर ठरवणारे आराखडे आहेत. २००६ मध्ये मंजूर झालेल्या गोव्याच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध राज्यभर आंदोलन झाले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढे २०२३ मध्ये आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली जमिनीचे स्वरूप बदलता येईल असे कलम नगरनियोजन कायद्यात आले. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. भांडण संपलेले नाही.

एक गोष्ट मात्र कागदावर दिसत नाही. खाजण पडीक का पडते? बांधाची डागडुजी पूर्वी गावकरी म्हणजे कोमुनिदाद बघत असे. पुढे कूळकायदा आला आणि ती कुळांच्या संघटनांकडे गेली. भात परवडेनासे झाले. मासळीसाठी मानस भलत्या वेळी उघडी ठेवली जाऊ लागली. बांध फुटला की खारे पाणी आत येते, दोन-तीन वर्षांत शेत शेत राहत नाही, आणि मग 'या पडीक जमिनीचा उपयोग काय' असा प्रश्न येतो. पण पडीक परातही परातच असते. पिकाशिवायही ती पाणी धरते.

त्या ग्रामसभेत सर्वांत अवघड प्रश्न अभियंत्याने नव्हे, शाळेतल्याच दुसऱ्या एका बाईंनी विचारला होता. "आम्ही रोज फोंड्याहून बसने येतो. इथे भाड्याने खोली परवडत नाही. घरे नकोत असे तुम्ही कसे म्हणता?" यावर परात आणि विटा काही सांगू शकत नाहीत. आमच्या हाती होता तो एवढाच आकडा की, २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांपैकी एक रिकामे आढळले होते. घरे नाहीत असे नाही, ज्यांना हवीत त्यांच्यासाठी नाहीत. त्या संकुलातल्या सदनिका त्यांच्या पगारात बसणार होत्या का, हे त्यांनीच अभियंत्याला विचारले. तो हसला आणि बाईही हसल्या.

पुढच्या ग्रामसभेला आम्ही परात घेऊनच गेलो. अभियंत्याने प्रयोग नीट पाहिला आणि म्हणाला, "मान्य. मग भराव नको, इमारत खांबांवर उभी करू." आम्हाला ते पटण्यासारखे वाटले. खांब फारसे पाणी सारत नाहीत. तेवढ्यात मागच्या बाकावरून, आयुष्यभर मानशीवर राबलेले एक आजोबा उठले. "घर खांबांवर, ते बरे. पण तुमची गाडी घरापर्यंत कशावरून जाणार?"

रस्ता भरावाचाच होता. खाजणाचे दोन तुकडे करून जाणारा, आणि त्याखालून ६० सेंटिमीटर व्यासाचे दोन पाइप. हिशेब तिथेच फळ्यावर केला. दोन्ही बाजूंच्या पाण्यात २० सेंटिमीटरचा फरक कायम राहिला, तर त्या पाइपांतून तासाला सुमारे २,४०० घनमीटर पाणी जाते. वरच्या ६० हेक्टरवरून १०० मिलिमीटर पावसाचे येणारे पाणी ४५,००० घनमीटर. म्हणजे ते पलीकडे, मानशीच्या बाजूला, पोचायलाच एकोणीस तास. आणि हे पाइपात एकही प्लास्टिकची पिशवी अडकलेली नसताना.

अभियंत्याने फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून घेतले आणि रस्ताही कमानींवर घेतला तर खर्च किती वाढेल ते काढून आणतो म्हणाला. तो अजून आलेला नाही. आठवीतली मुले मात्र मानशीवर जाऊन झडपा कधी मिटतात, कधी उघडतात, याची वेळ जूनपासून वहीत टिपू लागली आहेत, आणि शेजारी बाटलीचे पर्जन्यमापक ठेवले आहे.