शिडाला विजेची जोड

शिडाची होडी हाकणाऱ्याला वाऱ्याची भीती फारशी नसते. त्याला भीती असते ती वारा पडण्याची. मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला नेणाऱ्या होडीत आमचे पुष्कळ वाचक बसले असतील. पल्ला जेमतेम मैलभराचा. पण वारा पडला आणि ओहोटीची ओढ लागली, की किल्ला समोर दिसत असूनही होडी भलतीकडेच जाऊ लागते. अशा वेळी एखादे यंत्र हाताशी असावे, हे कोणीही मान्य करील. ते पेट्रोलचे घ्यावे की विजेचे, एवढाच प्रश्न.

विजेची होडी ही काही आजची कल्पना नव्हे. याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ साली रशियात नेवा नदीवर तशी होडी चालवून दाखविली होती. आपल्याकडे केरळात वैकम येथे ७५ उतारूंची ‘आदित्य’ ही सौरशक्तीवर चालणारी नाव जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पण तेथे पाणी खाडीचे, संथ. आपल्याकडे समुद्राची लाट.

आता थोडा हिशेब करू. वीजबिलातले एक ‘युनिट’ म्हणजे हजार वॉटची इस्त्री तासभर चालविणे. समजा, वीस-पंचवीस फुटी होडीला २ किलोवॉटची मोटर बसविली. दिवसाच्या दहा खेपा, प्रत्येक खेपेत दहा मिनिटे मोटर, बाकी काम शिडाचे. खर्च झाला सव्वातीन युनिटांचा. उलट्या ओढीशी झगडण्यासाठी आणखी तासभराची शिल्लक हवी. तिची २ युनिटे. एकूण सव्वापाच.

एवढी शिदोरी ठेवायची कशात? शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, असा नियम. म्हणजे साडेदहा युनिटांची बॅटरी हवी. वजन तीनशे किलोच्या घरात. चार-पाच उतारूंची जागा गेलीच! लिथियमच्या बॅटरीचे हेच काम साठ-सत्तर किलोंत भागते. ती महाग खरी. पण होडीवाल्याचे पोट उतारूंवर असते, हे विसरून चालणार नाही.

उलट एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटांची ऊर्जा असते. लहान इंजिनाने त्यातली पावच कामी आणली, तरी पाऊण किलो वजनात सव्वादोन युनिटे मिळाली! म्हणून रेवसहून मुंबई गाठायची असेल, तर विजेच्या नादी लागू नये. वेगाचा हव्यासही नको. वेग दुप्पट करायचा, तर शक्ती सुमारे आठपट लागते.

मोटर घेताना दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. शीड उभारल्यावर तिचा पंखा पाण्याबाहेर काढता यावा किंवा मिटता यावा. नाहीतर तो होडीला मागे खेचतो. दुसरे म्हणजे, तारांचे सांधे पक्के झाकलेले असावेत. खारी हवा तांब्याला सोडीत नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली, की बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी.

सारांश, जवळचा पल्ला, रात्री धक्क्यावर वीज भरण्याची सोय आणि शिडावर विश्वास असेल, तर विजेची मोटर घ्यावी. ती धूर करीत नाही, आवाजही फारसा करीत नाही. मात्र शीड आणि वल्ही घरी ठेवू नयेत. बॅटरी संपते, सकाळचा मतलई वारा आणि दुपारचा खारा वारा उद्याही येणारच आहेत.