सेन्सर गप्प का बसतो : पंचवीस वर्षांचा मागोवा

विदर्भात मे महिन्यात सर्व्हर सांभाळणाऱ्याचं लक्ष दोन आकड्यांवर असतं. एक खोलीच्या तापमानाचा, दुसरा मशीनच्या आतल्या तापमानाचा. पहिला भिंतीवर दिसतो. दुसऱ्यासाठी मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या चिपवर विसंबावं लागतं. २०१० च्या मे महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या मेल सर्व्हरवर मी नवं लिनक्स कर्नल चढवलं, मशीन पुन्हा चालू केलं आणि सवयीने ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली. आदल्या दिवशीपर्यंत पडदाभर ओळी येत होत्या, आता मोजक्याच उरल्या. पंख्यांचे फेरे नाहीत, व्होल्टेज नाही, बोर्डाचं तापमान नाही. फक्त प्रोसेसरच्या कोअरचं तापमान तेवढं दिसत होतं. बाहेर पारा ४५ च्या वर होता आणि सर्व्हर रूमचा एसी त्याच आठवड्यात दोनदा बंद पडला होता.

चिप जळाली, असं मी धरून चाललो. नव्या बोर्डाचं कोटेशनही मागवलं. दोन दिवसांनी कर्नलचे संदेश नीट वाचले तेव्हा कळलं, की चिप धडधाकट आहे. तिच्याशी बोलायची परवानगी कर्नलने ड्रायव्हरला नाकारली होती, आणि तसं संदेशात स्वच्छ लिहिलेलं होतं. सेन्सर लोड न होण्याचा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत कसा बदलत गेला, हे बघायला मी त्या दोन दिवसांमुळे लागलो.

सुरुवात १९९८ ची. नॅशनल सेमीकंडक्टरची ‘एलएम७८’ ही चिप तेव्हाच्या मदरबोर्डांवर दिसू लागली होती. तापमान, पंख्यांचा वेग आणि व्होल्टेज ती एकाच जागी मोजायची. लिनक्सवरून ती वाचण्यासाठी ‘एलएम-सेन्सर्स’ हा प्रकल्प उभा राहिला. प्रकल्पाच्या नावातलं ‘एलएम’ त्या चिपच्या नावातूनच आलं आहे. फ्रोडो लोयार्ड आणि फिलिप एडलब्रॉक यांनी आरंभीच्या काळात त्याची धुरा वाहिली. पुढे ज्याँ देलवार आणि गुंटर रोएक यांनी वर्षानुवर्षं हे काम सांभाळलं. चिपची माहितीपत्रकं मिळवायची, ती ओळ न ओळ वाचायची, ज्यांची मिळत नाहीत त्या चिपचे रजिस्टर चाचपत अर्थ लावायचा, हे त्यांचं काम. आपल्या पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक अंशामागे अशा कोणाची तरी मेहनत आहे, आणि ती पुरेशी ओळखली गेली नाही असं मला मनापासून वाटतं.

त्या काळात सेन्सर लोड न होण्याची कारणं साधी असत. २.४ कर्नलमध्ये हे ड्रायव्हर नव्हतेच. ते वेगळे उतरवून घ्यायचे आणि आपल्या कर्नलसाठी कम्पाइल करायचे. कर्नल बदललं आणि मॉड्यूल जुनंच राहिलं, की ते लोड होत नसे. नाहीतर बोर्डवरची चिप इतकी नवी असे, की तिला ओळखणारं कोणी नसे. बरोबर ड्रायव्हर सापडला की काम झालं.

पण त्याच काळात एक गंभीर गोष्ट घडली. सेन्सरची चिप ज्या एसएमबस नावाच्या तारेवर बसते, त्याच तारेवर इतर चिपही असतात. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये त्या तारेवर एक छोटी ईईप्रॉम होती आणि मशीन चालू होण्यासाठी लागणारी माहिती तिच्यात होती. सेन्सर शोधण्यासाठी तारेवरचा एकेक पत्ता ठोठावत जाताना या ईईप्रॉममधला मजकूर बिघडे आणि लॅपटॉप पुन्हा सुरूच होत नसे. मग एसएमबसच्या संबंधित ड्रायव्हरमध्ये अशी तपासणी घालण्यात आली, की आयबीएमचं मशीन दिसलं तर त्याने लोड व्हायचंच नाही. ‘ड्रायव्हर लोड होत नाही’ हा दरवेळी दोष नसतो, कधी तो बंदोबस्त असतो, हे तेव्हापासून या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक आहे. मला ते २०१० पर्यंत ठाऊक नव्हतं.

डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आलं. ड्रायव्हर कर्नलच्या आत आले, आकडे साध्या फाइलींमधून मिळू लागले. २००७ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी ‘कोअरटेम्प’ आला. हा बोर्डवरच्या चिपकडे जातच नाही, प्रोसेसरच्या पोटातला सेन्सर थेट वाचतो. मात्र तो सेन्सर तापमान सांगत नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच सांगतो. सुरुवातीच्या कित्येक प्रोसेसरमध्ये ती मर्यादा वाचण्याची सोय नव्हती आणि ड्रायव्हरला अंदाज बांधावा लागे. म्हणून जुन्या मशीनवर रिकाम्या वेळी खोलीपेक्षाही कमी तापमान दिसलं, तर सेन्सर बदलायला धावू नये. मर्यादेच्या जवळचा आकडा मात्र विश्वासाचा असतो, आणि धोका तिथेच असतो.

माझ्या मेल सर्व्हरचं घोडं कुठे अडलं होतं? २००९ मध्ये २.६.३१ हे कर्नल आलं आणि त्यात एक नियम कडक झाला. बायोसबरोबर येणाऱ्या एसीपीआयच्या तक्त्यांनी एखाद्या पोर्टवर हक्क सांगितला असेल, तर दुसऱ्या ड्रायव्हरला त्या पोर्टला हात लावता येणार नाही. माझ्या बोर्डवरची विनबाँडची चिप २९० हेक्स या पत्त्यावर होती, आणि तोच पत्ता एसीपीआयनेही आपला म्हणून नोंदवला होता. संदेशात ‘कॉन्फ्लिक्ट्स’ हा शब्द होता. पहिल्या वाचनात मी त्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो.

ही अडवणूक योग्य होती का? तेव्हा मी चिडलो होतो. आज माझं उत्तर ‘होय’ असं आहे. अशा चिपमधून आकडा वाचायला दोन पावलं लागतात : कोणता रजिस्टर हवा ते एका पोर्टवर लिहायचं, मग शेजारच्या पोर्टवरून किंमत उचलायची. एकाच खतावणीवर दोन कारकून बसलेत अशी कल्पना करा. एकाने पान काढलं, आणि तो वाचणार तोच दुसऱ्याने पान उलटलं. पहिला भलत्याच खात्याचा आकडा टिपून घेईल. वाचण्यापुरतं असेल तर चुकीचा आकडा मिळेल, पण लिहिण्याच्या वेळी असं झालं तर पंख्याच्या वेगाऐवजी भलतंच काही बदलेल. बायोसने पान उलटलेलं ड्रायव्हरला कळत नाही, ड्रायव्हरने उलटलेलं बायोसला कळत नाही.

यावर एक पळवाट सर्रास सांगितली जाते. कर्नलला सुरू होतानाच ‘एसीपीआय-एन्फोर्स-रिसोर्सेस’ला ‘लॅक्स’ ही किंमत द्यायची, की नियम ढिला होतो आणि सेन्सर दिसू लागतो. मीही ते केलं. घरच्या मशीनवर, धोका समजून करायला हरकत नाही. पण शेकडो विद्यार्थ्यांचे निकाल ज्या मशीनवर आहेत तिथे मी ते पुन्हा करणार नाही.

कारण सर्व्हरवर त्याहून चांगला रस्ता असतो, आणि तो जुनाच आहे. एलएम-सेन्सर्स जन्माला आला त्याच वर्षी, १९९८ मध्ये, इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी ‘आयपीएमआय’ हे मानक जाहीर केलं. त्याची २.० आवृत्ती २००४ ची. खऱ्या सर्व्हर बोर्डवर ‘बीएमसी’ नावाचा एक स्वतंत्र छोटा संगणक बसवलेला असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी प्लगला वीज असेपर्यंत तो जागा असतो. पंखे, व्होल्टेज, तापमान ही सगळी माहिती त्याच्याकडे जाते. अशा बोर्डवर एलएम-सेन्सर्सचं ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवून काहीच सापडलं नाही, तर बहुधा काही बिघडलेलं नसतं. चिप बीएमसीच्या ताब्यात आहे, आकडा त्याच्याकडे मागायचा असतो. ‘आयपीएमआय-एसआय’ आणि ‘आयपीएमआय-डेव्हइंटएफ’ ही दोन मॉड्यूल लोड करायची आणि ‘आयपीएमआयटूल’ने यादी काढायची. दुसरं मॉड्यूल राहून गेलं की उपकरणाची फाइलच तयार होत नाही, आणि माणूस पुन्हा हार्डवेअरला दोष देत बसतो. यादी येते पण रकाने कोरे आहेत, असं दिसलं तर अनेकदा बीएमसी स्वतःच अडकलेला असतो. त्याला ‘कोल्ड रीसेट’ देता येतो, मुख्य मशीन बंद करावं लागत नाही.

त्यानंतरच्या काळात कारणांची भर पडत गेली. सिक्युअर बूट आल्यावर सहीशिवायचं मॉड्यूल कर्नल नाकारू लागलं. काही वितरणांनी हे ड्रायव्हर मूळ पॅकेजमधून काढून वेगळ्या जोडपॅकेजमध्ये ठेवले. आभासी मशीनमध्ये तर चिपच नसते, तिथे शोधणं व्यर्थ. पण बायोस आणि ड्रायव्हर यांच्यातल्या मुख्य भांडणावर तोडगा निघाला तो २०२२ च्या जानेवारीत, ५.१६ कर्नलमध्ये. नुव्होटॉनच्या चिपसाठी असलेला ‘एनसीटी६७७५’ हा ड्रायव्हर असुसच्या कित्येक बोर्डांवर थेट पोर्टवर न जाता बायोसच्याच मार्फत आकडे मागू लागला. ज्याच्या ताब्यात वही आहे त्यालाच विचारून वाचायचं. या साध्या गोष्टीला २.६.३१ पासून बारा वर्षं लागली. सगळ्या बोर्डांसाठी ती अजूनही झालेली नाही.

आज कोणी नवा मुलगा येऊन म्हणतो, “सर, सेन्सर लोड होत नाही,” तेव्हा मी त्याला आधी संदेश मोठ्याने वाचायला लावतो. ‘मॉड्यूल सापडलं नाही’ म्हणजे ड्रायव्हर डिस्कवर नाही, पॅकेज बघ. ‘असं उपकरण नाही’ म्हणजे ड्रायव्हर आहे, पण त्याच्या ओळखीची चिप त्याला दिसली नाही. ‘उपकरण व्यग्र आहे’ म्हणजे चिप दुसऱ्याच्या ताब्यात, तो कोण ते शोध. ‘की नाकारली’ म्हणजे सहीचा प्रश्न. ही चार वाक्यं चार वेगळ्या वाटांची आहेत आणि चिप जळाल्याची वाट त्यांत कुठेच नाही. माझ्या हातून गेलेल्या इतक्या मशीनमध्ये चिप खरोखर गेल्याचं मी एकदाच पाहिलं, तेही वीज पडल्यानंतर.

तुमच्याकडे सर्व्हर असतील तर एक विनंती आहे. प्रत्येकाच्या बोर्डाचं नाव, सेन्सर चिपचं नाव, ती बीएमसीच्या ताब्यात आहे की नाही, आणि सगळं ठीक चालू असतानाचे पंख्यांचे व तापमानाचे आकडे एका कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. एसी चालू आहे तोवरच करा.